गाण्यांसाठी बटणाचा फोन घेताय? आधी असा पारखून बघा

खोक्यावर ‘म्युझिक’ छापलेला बटणाचा फोन आणि त्याच कंपनीचा साधा बटणाचा फोन शेजारी ठेवून उघडले, तर आत फार फरक सापडत नाही. चिप त्याच घराण्यातली, मेमरी तेवढीच, गाणी वाजवणारं सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा तेच. जास्तीचे पैसे लागतात ते बाजूच्या दोन-तीन बटणांचे, जरा मोठ्या स्पीकरचे आणि मोठ्या बॅटरीचे. यात गैर काही नाही. गाणी ऐकणाऱ्याला रोज उपयोगी पडतात त्या याच गोष्टी. पण फोन गाण्यांना बरा आहे का, हे दुकानदाराने लावून दाखवलेल्या ढणढणाटावरून ठरवू नका. ते गाणं त्या फोनला झेपणारंच असतं. आपलं कार्ड, आपली गाणी आणि आपले इअरफोन घेऊन जा.

बाजारात काय मिळतं

नोकियाच्या नावाने फोन काढणाऱ्या एचएमडी ग्लोबलने 2007 चा 5310 एक्स्प्रेसम्युझिक 2020 मध्ये नव्याने आणला. भारतात तो 3,399 रुपयांना आला. समोर तोंड करून दोन स्पीकर, बाजूला गाण्यांची बटणं, 1200 एमएएचची काढता येणारी बॅटरी आणि 32 जीबीपर्यंत कार्डाची सोय. 2022 मध्ये त्याच कंपनीचा 5710 एक्स्प्रेसऑडिओ आला. त्याच्या पाठीवरचं झाकण सरकवलं की आत वायरलेस इअरबड निघतात आणि तिथेच चार्जही होतात. कल्पना मजेशीर, किंमत मात्र 4,999. मग 2025 मध्ये एचएमडी 130 म्युझिक (1,899 रुपये) आणि 150 म्युझिक (2,399 रुपये) आले. दोन्हींत 2500 एमएएचची बॅटरी, सी टाइप पिन आणि गोल पिनच्या इअरफोनची जागा. या सगळ्या किमती फोन बाजारात आले तेव्हाच्या. आता दुकानागणिक वरखाली दिसतील आणि जुनी मॉडेलं नवीन मिळतीलच असं नाही.

वेगळ्या वाटेचे दोन फोन आहेत. सारेगामाने 2022 मध्ये कारवां मोबाईल काढला, त्यात 1500 गाणी आधीच भरलेली. रेडिओसारखा लावून ठेवणाऱ्या माणसाला तो बरा, पण गाणी कोणत्या भाषेतली आहेत हे घेण्याआधी यादी उघडून बघा. दुसरा जिओभारत, 2023 मध्ये 999 रुपयांना आलेला. त्यात जिओसावनवरून नेटवर गाणी ऐकता येतात, पण चालतं फक्त जिओचं सिम.

आता हा फोन कुणाला लागतो? ज्याची गाणी फाइलींच्या रूपात आहेत त्याला. शेतावर, गोठ्यात, भट्टीवर किंवा पहाटे फिरताना ज्याला महागडा फोन बाहेर काढायचा नाही त्याला. स्पर्धा परीक्षेची तयारी करताना स्मार्टफोन घरी ठेवून आलेल्यांना. ज्या आई-वडिलांना स्क्रीन घासत गाणं शोधायचा कंटाळा येतो त्यांना. पण तुमची सगळी गाणी स्पॉटिफाय, यूट्यूब किंवा सावनमध्ये असतील, तर इथेच थांबा. त्या अॅपांतली ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात. ती कार्डावर टाकून बटणाच्या फोनवर वाजत नाहीत. अशा माणसाने गोल पिनची जागा असलेला स्वस्त अँड्रॉइड घ्यावा, किंवा घरातला जुना स्मार्टफोन सिम काढून गाण्यांना वापरावा.

सगळ्यात आधी सिमचा प्रश्न

गाण्यांच्या फोनच्या लेखात सिम कशाला, असं वाटेल. पण फोन परत करायची वेळ येते ती बहुतेकदा इथेच. 5310 किंवा एचएमडी 130 म्युझिकसारखे फोन 2जीवर चालतात. जिओचं जाळं 4जीपासून सुरू होतं, त्याला 2जी नाहीच. त्यामुळे अशा फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर रेंज येत नाही आणि ते दुरुस्तही होत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. खोक्यावर 2जी लिहिलंय की 4जी, एवढं एक वाचून मगच पुढे बोला.

परदेशात राहणाऱ्या मुलांनी आईसाठी इथून फोन नेताना हे आणखी जपायला हवं. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात 2जी केव्हाच बंद झालं. अमेरिकेत एटी अँड टीने ते 2017 च्या सुरुवातीलाच बंद केलं. तिथे हा फोन गाणी छान वाजवेल, पण फोन म्हणून निरुपयोगी.

दुकानात जाण्याआधी: चाचणीचं कार्ड

या कामाला एक संध्याकाळ द्या. एक 8 किंवा 16 जीबीचं चांगलं मेमरी कार्ड घ्या, त्यावर नेहमीची गाणी टाका आणि पुढच्या काही फाइली मुद्दाम जमवा. प्रत्येक फाइल फोनचा एकेक दोष उघडा पाडते.

पहिली फाइल नुसत्या तानपुऱ्याची. मध्ये चार-पाच सेकंद पूर्ण शांतता असेल तर उत्तम. स्वस्त फोनच्या इअरफोनमधून येणारी ‘स्स्स’ अशी खरखर जोरदार गाण्यात लपते, तानपुऱ्यात लपत नाही.

दुसरी ढोलकीची किंवा ढोल-ताशाची. ही स्पीकरसाठी. आवाज पूर्ण वाढवल्यावर ढोलकीची थाप फुटते का, मागचं झाकण थरथरतं का, ते कळतं. एवढ्याशा स्पीकरमधून ढोलाचा घुमारा ऐकू येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. थाप कळली पाहिजे, तिचा चुरा होता कामा नये.

तिसरी पेटीची साथ असलेलं गाणं, शक्यतो नाट्यपद किंवा भजन. पेटीचे वरच्या सप्तकातले सूर आणि गायकाचा तार षड्ज एकत्र आला की वाईट स्पीकर कर्कश होतो. गाणाऱ्याचे शब्द कळतात का, तेही इथेच बघायचं.

चौथी फाइल लांबलचक हवी. तासाभराचं कीर्तन किंवा पाऊण तासाचा ख्याल, एकाच फाइलमध्ये. मध्येच बंद करून परत लावलं तर फोन तिथूनच सुरू करतो की पुन्हा पहिल्यापासून? पुढे सरकवायला बटण दाबून धरलं तर वेग वाढतो का, की चाळीसाव्या मिनिटापर्यंत जायला दोन मिनिटं अंगठा दाबून बसायचं? माझ्या मते शास्त्रीय संगीत, कीर्तन आणि व्याख्यानं ऐकणाऱ्यासाठी ही एकच चाचणी फोन घ्यायचा की सोडायचा ते ठरवते. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला मात्र तिचं काहीच महत्त्व नाही.

पाचवी जोडफाइल. विलंबित आणि द्रुत असे दोन भाग जे मुळात सलग आहेत पण सीडीवर दोन ट्रॅक म्हणून तोडलेत, ते घ्या. दोहोंमध्ये फोन अर्धा-एक सेकंद गप्प बसेल. जवळपास सगळे स्वस्त फोन बसतात. खटकत असेल तर उपाय एकच: संगणकावर दोन्ही भाग जोडून एक फाइल करा.

सहावी डाव्या-उजव्या कानाची. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतःच्या आवाजात ‘डावा’ आणि ‘उजवा’ असं बोलून एकेक आवाज एकेका बाजूला सरकवा. दोन्ही शब्द दोन्ही कानांत ऐकू आले तर फोन स्टिरिओ देत नाहीये, किंवा पिन नीट बसलेली नाही.

याशिवाय एकच गाणं वेगवेगळ्या प्रकारांत टाका: 128 आणि 320 केबीपीएसचं एमपी3 (हा आकडा जितका मोठा, तितकं गाणं कमी दाबलेलं आणि फाइल मोठी), एक एम4ए, एक डब्ल्यूएव्ही आणि जमलं तर एक फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता साठवलेली मोठी फाइल. एका फाइलला देवनागरी नाव द्या, एकीला रोमन. एकीच्या आत अल्बमच्या मुखपृष्ठाचं भलं मोठं चित्र चिकटवा. इतक्या कमी रॅमच्या फोनला ते चित्र उघडताना धाप लागते आणि गाणं उशिरा सुरू होतं.

कार्ड नकली नाही ना, तेही याच वेळी तपासा. 64 जीबी छापलेलं आणि प्रत्यक्षात 8 जीबीचं असलेलं कार्ड रस्त्यावर सर्रास विकलं जातं. भरत जाईपर्यंत ते सज्जनासारखं वागतं आणि मग जुनी गाणी गिळायला लागतं. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ3 ही फुकटची साधनं कार्डाचा कोपरान् कोपरा लिहून-वाचून बघतात. वेळ लागतो, लागू द्या.

दुकानात

मोठ्या दालनात डेमोचा फोन मागा. छोट्या मोबाईल शॉपीत खोकं बिल झाल्यावरच फोडतात. तिथे आधीच सरळ विचारा: कार्ड चाललं नाही किंवा पिन खरखरली तर लगेच बदलून देणार का? हो म्हणाले तर बिल झाल्यावर काउंटरवरच, निघण्याआधी सगळं तपासा. ऑनलाइन मागवणार असाल तर परताव्याची मुदत आणि परतावा मिळणार की फक्त बदली, हे आधी वाचा आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

पहिलं काम इअरफोनची पिन. आपले नेहमीचे इअरफोन लावा, तानपुरा सुरू करा आणि पिन हलकेच गोल फिरवा. एका कानाचा आवाज गेला किंवा खर्रर्र झालं तर तो फोन ठेवून द्या, दुसरा मागा. ही जागा सैल असेल तर पुढे आणखी सैलच होत जाते, आणि गाण्यांच्या फोनचा तोच तर जीव आहे. जाड, महागडे स्टुडिओचे हेडफोन असतील तर त्यांचा रोध बघा. 16 किंवा 32 ओहमचे इअरफोन या फोनवर नीट वाजतात, 150-250 ओहमचे कुजबुजल्यासारखे ऐकू येतात. त्यात फोनची चूक नाही.

मग आवाजाची सगळ्यात खालची पायरी ऐका. सगळे जण आवाज वाढवून बघतात, कमी करून कुणी बघत नाही. रात्री उशाशी ऐकताना पहिली पायरीच मोठी वाटली तर रोज वैताग येतो.

आता बटणं. फोन लॉक करून खिशात घाला आणि न बघता गाणं थांबवा, पुढे न्या, मागे आणा. बाजूची बटणं लॉक असतानाही चालली पाहिजेत, नाहीतर त्यांचे पैसे कशाला दिले? याची उलटी बाजूही बघा. घट्ट खिशात ती आपोआप दाबली जाऊन गाणं भलतीकडे जातं का? दोन्ही हवं असेल तर लॉक असताना बाजूची बटणं चालू-बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधा. काही फोनांत ती असते.

गाणं चालू असताना कुणाला तरी फोन करायला सांगा. गाणं थांबून रिंग इअरफोनमध्ये येते का, फोन ठेवल्यावर गाणं आपोआप पुन्हा सुरू होतं का, की मेनूत जाऊन लावावं लागतं? मेसेज वाचताना गाणं मागे चालू राहतं का? आणि कार्ड काढायला बॅटरी उपसावी लागते का? दर आठवड्याला गाणी बदलणाऱ्याला हा प्रश्न छोटा नाही. बॅटरी काढली की काही फोनांत तारीख-वेळही पुसली जाते.

शेवटी *#06# दाबा. पडद्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि खोक्यावरचा जुळला पाहिजे. दोन सिमच्या फोनला दोन आकडे दिसतात. फोन जुना घेत असाल तर केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज रोमन मोठ्या अक्षरांत 14422 वर पाठवा. तो कुठे बंदी घातलेला किंवा नकली आयएमईआयचा आहे का, ते कळतं. *#07# दाबलं की एसएआरचा आकडा, म्हणजे फोनच्या रेडिओ लहरी शरीरात किती शोषल्या जातात त्याचं माप दिसतं, भारतात त्याची मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो आहे.

घरी आल्यावर: फाइलींची परीक्षा

नवीन कार्ड आधी फोनमध्येच फॉरमॅट करा. हे फोन फॅट32 पद्धतीचं कार्ड वाचतात. 32 जीबीपर्यंतची कार्डं तशीच येतात. 64 जीबीपासून पुढची एक्सफॅटमध्ये येतात आणि फोन ‘कार्ड नाही’ म्हणतो. ती फॅट32 करून चालवणारे लोक आहेत. कंपनीने 32 लिहिलं असेल तर मी त्या फंदात पडणार नाही. 32 जीबीत काय कमी मावतं? 128 केबीपीएसचं गाणं मिनिटाला साधारण 1 एमबी घेतं. म्हणजे पाच मिनिटांची जवळपास 6,000 गाणी. 320 ला मिनिटाला अडीच एमबीच्या जवळ लागतात, तरी दोन हजारांवर गाणी बसतातच.

खरी अडचण जागेची नसून यादीची असते. चाचणीच्या कार्डावर पाचशे-हजार फाइली टाका आणि फोन चालू केल्यावर यादी तयार व्हायला किती वेळ लागतो ते बघा. मग यादीच्या तळाशी जाऊन सगळी गाणी आलीत का ते मोजा. काही फोन ठरावीक संख्येनंतरची गाणी यादीत दाखवतच नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. गाणी कार्डावर असतात, फक्त प्लेअरला दिसत नाहीत. अशा वेळी फोल्डर उघडून तिथून वाजवता येतं का बघा. जमलं तर निभावतं.

क्रमाची भानगडही तपासा. काही फोन गाणी नावाच्या क्रमाने न लावता ज्या क्रमाने कार्डावर टाकली त्या क्रमाने लावतात. हरिपाठ, पारायण किंवा व्याख्यानमाला असेल तर सगळा घोळ होतो. उपाय दुहेरी आहे. नावाच्या सुरुवातीला 001, 002 असे आकडे घाला (नुसतं 1, 2 घातलं तर 1 नंतर 10 येतं) आणि फाइली एकदम न टाकता फोल्डर-फोल्डर करून क्रमाने टाका.

देवनागरी नावांचं काय होतं, ते फोनवर अवलंबून आहे. मेनू हिंदी-मराठीत दाखवणारा फोनही गाण्याच्या नावाच्या जागी चौकोन दाखवू शकतो, कारण फाइलीच्या पोटातली माहिती तो वेगळ्या पद्धतीने वाचतो. चौकोन दिसले तर फोनशी भांडू नका. एमपी3टॅग या सॉफ्टवेअरने नावं रोमनमध्ये करा, मोठी चित्रं काढून टाका, गायकाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा. शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण केलं नाही तर एकाच गायिकेची चार वेगवेगळी नावं यादीत चार ठिकाणी सापडतात. मॅकवरून गाणी टाकणाऱ्यांना प्रत्येक गाण्याच्या जोडीला एक न वाजणारी भुताटकी फाइल दिसेल, तिचं नाव टिंबाने सुरू होतं. ती बेलाशक पुसा.

फाइलींच्या प्रकारात माझा सल्ला साधा आहे: सगळं एमपी3 करा. फ्लॅकचा मोह या फोनवर धरू नका. वाजलं तरी एवढ्या स्वस्त सर्किटमधून फरक कानाला कळेल असं मला वाटत नाही. गाण्यांना 192, सोलो गायनाला हवं तर 320, कीर्तन-व्याख्यानांना मोनो 64 पुरे. घरात कॅसेटी पडून असतील तर टेपच्या इअरफोनच्या जागेतून संगणकात वायर घ्या, ऑडॅसिटीत 44.1 किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा आणि बाजू पलटायच्या जागी फाइल तोडा. विकत घेतलेल्या सीडीवरून गाणी उतरवायला एफआरई:एसी पुरतं. मोबाईल शॉपीत ‘गाणी भरून’ घेतलेलं कार्ड मात्र चाचणीला वापरू नका. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्यातली गाणी इतक्यांदा दाबून पुन्हा दाबलेली असतात की दोष फोनचा की फाइलीचा, तेच कळत नाही.

रेडिओ

बटणाच्या फोनचा एफएम ही स्मार्टफोनवाल्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना दिली होती की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे त्यात ती बंद करून ठेवू नये. त्याच महिन्यात 91 ठिकाणी 100 वॅटचे नवे एफएम ट्रान्समीटरही सुरू झाले. पण 100 वॅट म्हणजे गावाभोवतालचा टापू, अख्खा जिल्हा नव्हे.

चाचणी अशी करा. इअरफोन लावून स्टेशनं आपोआप शोधायला सांगा. मुंबईत 91.1, 92.7, 93.5, 98.3, 100.7 आणि 107.1 एवढी तर लागलीच पाहिजेत. पुण्यात विविध भारती 101 वर बघा. मग इअरफोन काढून, ‘वायरलेस एफएम’ असेल तर तेच पुन्हा करा. इअरफोनची वायर म्हणजेच एरिअल, ती काढली की फोनच्या पोटातल्या छोट्या एरिअलवर काम चालतं. त्यामुळे निम्मी स्टेशनं खरखरली तर घाबरू नका. वायरलेस सोय शहरात स्पीकरवर ऐकायला ठीक आहे. कोकणातल्या खोऱ्यात किंवा घाटाखालच्या गावात ती आहे म्हणून फोन घेऊ नका.

मीडियम वेव्हवरची केंद्रं या फोनवर लागत नाहीत, हेही घरच्या जुन्या श्रोत्यांना आधी सांगा. मुंबईचं अस्मिता वर्षानुवर्षं 558 किलोहर्ट्झवर आणि पुणे 792 वर ऐकलेलं असतं. ‘आकाशवाणी का लागत नाही’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार.

ब्लूटूथ आणि अॅम्प्लिफायर

‘ब्लूटूथ 5.0’ या आकड्यावरून आवाज किती चांगला ते कळत नाही. या फोनांत गाणं दाबून पाठवण्याची सर्वांत साधी एसबीसी पद्धत धरून चला. गाण्याला ती पुरते. बघायचं ते हे: तुमचा स्पीकर किंवा इअरबड एकदा जोडल्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप जोडला जातो का, इअरबडवरच्या बटणाने गाणं पुढे जातं का, आणि फोन पाठीमागच्या खिशात ठेवून चालताना आवाज तुटतो का. शेवटची चाचणी घरात न करता मोकळ्या मैदानात करा. घरात भिंतींवरून लहरी परत येतात आणि आवाज टिकून राहतो, मैदानात फोन आणि कान यांच्यामध्ये तुमचं शरीरच आडवं येतं.

भजनी मंडळाच्या किंवा घरच्या अॅम्प्लिफायरला वायरने फोन जोडणार असाल, तर 2जी फोनची एक जुनी खोड माहीत असू द्या. फोन येण्याआधी किंवा टॉवरशी बोलताना स्पीकरमधून ‘टिक-टिक-टिक-डर्रर्र’ असा आवाज घुमतो. 2जीचा रेडिओ सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद होतो आणि त्याचे ठोके वायर पकडते. वायर बदलून फार फरक पडत नाही. फ्लाइट मोड असेल तर तो लावा, नसेल तर कार्यक्रमापुरतं सिम काढून ठेवा. चार्जर लावून ऐकतानाही एकदा कान द्या. घूं असा गुणगुणाट आला तर चार्जर बदलून बघा, बहुधा दोषी तोच असतो.

बॅटरी आणि कान

एचएमडी 130 आणि 150 म्युझिकसाठी 50 तास गाणी वाजतील असं सांगते. असे आकडे इअरफोन, मध्यम आवाज आणि बंद पडदा गृहीत धरून काढलेले असतात. मोठ्या आवाजात स्पीकर लावला तर आकडा बराच खाली येतो. स्वतः बघायचं तर रात्री पूर्ण चार्ज करा, सकाळपासून स्पीकरवर नेहमीच्या आवाजात लावून ठेवा आणि बॅटरीची शेवटची कांडी कधी उरते ते बघा. पहिल्या तीन कांड्या हळू उतरून शेवटची झपकन जाणं या फोनांत नेहमीचं आहे, त्याला दोष म्हणता येत नाही. फोन गरम होणं किंवा बॅटरी फुगून झाकण वर येणं मात्र दोष आहे. तसं झालं तर वापरणं थांबवा. बॅटरी काढता येणारी असेल तर तिच्यावरचा मॉडेल नंबर लिहून ठेवा आणि तीच बॅटरी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) शिक्क्यासह बाजारात मिळते का, ते विचारून ठेवा.

कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: मोठ्या माणसाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास. आवाज त्यावर गेला की तास झपाट्याने कमी होतात. बटणाच्या फोनमध्ये डेसिबल दिसत नाहीत. हाताशी येणारं माप एवढंच की इअरफोन घालून समोरच्याचं साधं बोलणं अजिबात कळत नसेल तर दोन पायऱ्या खाली या.

घरातल्या मोठ्यांसाठी फोन लावून देताना

आईसाठी किंवा आजोबांसाठी घेतला असेल तर सगळं शिकवू नका. प्ले, पुढे आणि आवाज एवढी तीन बटणं पुरेत. फोनच्या पहिल्या पडद्यावरच्या शॉर्टकटमध्ये गाणी आणि रेडिओ ठेवा. फोल्डर थोडे आणि ठसठशीत नावांचे करा: अभंग, भावगीत, नाटक, रेडिओवरची जुनी. इक्वलायझर ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘बास’वर गायकाचा आवाज मागे जातो आणि मग ते आवाज आणखी वाढवतात. कार्डाची एक प्रत संगणकावर राहू द्या, कारण ही कार्डं काही न सांगता जातात.

आणि मेनूतले गेम तेवढे बघून घ्या. अशा फोनांत चवीपुरता खेळून झाला की मेसेजने पैसे मागणारे गेम असतात. चुकून ‘हो’ दाबलं की बॅलन्स जातो. काढता येत असतील तर काढा. बॅलन्स न कळता कमी होत असेल तर 155223 वर फोन करा किंवा रोमन अक्षरांत स्टॉप लिहून तिथेच मेसेज पाठवा. आपल्या सिमवर कोणत्या सशुल्क सेवा चालू आहेत ते कळतं आणि त्या तिथूनच बंद करता येतात.